मिरचीच्या हंगामातली सुई

आधी माफी मागतो. मी लेखक नाही आणि डॉक्टरही नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे होतो. परीक्षेला बसता आलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. घरी पाठवलेली पत्रं आणि प्राणिशास्त्राच्या वहीतल्या आकृत्यांखालची नावं, यापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. मासिकांत लोक आपल्या आजारपणाबद्दल लिहितात ते मी वाचलेलं आहे. शेवटी ते बरे झालेले असतात आणि वाचणाऱ्याला धीर येतो. मला तसं काही देता येणार नाही. म्हणून लिहावं की नाही याच विचारात पुष्कळ दिवस गेले.

तरी लिहितो. माझ्या यकृतात कॅन्सर आहे. मला लहानपणापासून दमा आहे आणि अंगावर पित्तही उठतं. या दोहोंचा कॅन्सरशी काही संबंध आहे का, हे मी ज्याला त्याला विचारलं. जे थोडंफार कळलं ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगण्यासारखं आहे असं वाटतं. माझं स्वतःचं काय व्हायचं ते ठरल्यासारखंच आहे. पण माझी धाकटी बहीण सुमन हिलाही माझ्यासारखाच दमा आहे. तिचं रक्त तपासायला हवं, आणि ते अजून दिलेलं नाही. सध्या मी वाट पाहतो आहे ती त्याचीच. मधे मधे थकवा येतो, तेव्हा लिहिणं तुटक होईल. सांभाळून घ्यावं.

मिरची

आमचं गाव उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या वाटेवर आहे. सगळा मिरचीचा भाग. हिवाळ्यात तोडा सुरू झाला की गावाबाहेरच्या मैदानांवर मिरची वाळत पडते. त्या मैदानाला आमच्याकडे सातरा म्हणतात. बाया ओळीनं बसून देठं तोडतात, वारा सुटला की सगळं गाव शिंकतं. इतरांना त्याची सवय होऊन जाते. आम्हा दोघा भावंडांना ती कधी झाली नाही. माझी छाती भात्यासारखी वाजायची, सुमनचे ओठ निळे पडायचे. शिवाय दोघांच्याही अंगावर गांधी उठायच्या, गालापासून पोटरीपर्यंत. शेजारच्या बाया मायला म्हणायच्या, "मिरचीवाल्याच्या घरी मिरची न सोसनारे लेकरं कसे जन्मले वं बाई!"

बाजाराच्या दिवशी तालुक्याहून कंपाउंडर यायचे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्यांचा स्टोव्ह पेटायचा. स्टीलच्या डब्यात काचेची पिचकारी आणि सुया उकळायच्या. सकाळी एकदा उकळलं की झालं. मग रांग लागायची. एकाला टोचून झालं की स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसायची आणि पुढच्याचा दंड धरायचा. आमच्याकडे गोळ्यांवर कोणाचाच विश्वास नव्हता. एकदा एक नवीन डॉक्टर आले होते, ते गोळ्याच द्यायचे. लोक म्हणाले, "सुई नाही मारत, हा कायचा डॉक्टर?" थोड्याच दिवसांत ते निघून गेले.

आम्हा दोघांना कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायचे, शिरेतून. ते सावकाश सोडलं की अंगात ऊन चढतं. आधी घशात, मग जिभेवर, मग पार तळपायापर्यंत. मी मोठा म्हणून आधी माझा नंबर. सुमन माझ्या सदऱ्याचं टोक धरून मागे उभी. मी डोळे मिटले की ती विचारायची, "दादा, आलं का ऊन?" मी मान हलवली की तिची भीती जायची, आणि ती हात पुढे करायची.

त्या कंपाउंडरांबद्दल माझी तक्रार नाही. सुमनचा श्वास अडकला होता तेव्हा नाल्याला पूर असताना ते कमरेइतक्या पाण्यातून आले होते. स्वतःला ताप आला तर तीच सुई ते स्वतःलाही टोचून घ्यायचे. सगळीकडे तसंच चालायचं.

मी चौथीत असताना मला कावीळ झाली. मायनं काविळीची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. ती माळ हळूहळू लांब होत खाली येते. गळ्याखाली उतरली तेव्हा कावीळ उतरली असं सगळ्यांनी म्हटलं, आणि मी खरंच खेळायला लागलो. सुमनला तेव्हा काही झालं नाही. किंवा झालं असेल तर मिरचीच्या घाईत कोणी पाहिलं नाही.

खाज

क्रिकेटचा वर्ल्ड कप आपण जिंकला त्या पावसाळ्यात खाज सुरू झाली. मी तेव्हा नागपुरात, सक्करदऱ्यात तलावाजवळ खोली करून राहत होतो. सुमनचं लग्न होऊन ती जवळच्याच नंदनवन वस्तीत आली होती. तिचे यजमान भास्करराव इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला आहेत. रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायचो. ताटावर बसून मी पाठ भिंतीला घासत होतो तर ती म्हणाली, "उठलं का पित्त? फोडनीत मिरचीचा ठसका नका करू म्हनतो मी सासूबाईले, पन ऐकतीन तर ना!"

मलाही पित्तच वाटलं. जन्मभर खाज म्हणजे पित्त हेच आम्हाला माहीत. फक्त एक वेगळं होतं. या वेळी अंगावर काही दिसत नव्हतं. गांधी नाहीत, लाली नाही, नुसती खाज. तळहातांना, तळपायांना. वर्गात बसलो की मी चप्पल काढून पाय फरशीवर घासायचो.

माय गावाहून आली. तिनं येताना गेरू, आमसूल आणि घोंगडी आणली होती. अंगभर गेरू फासून तिनं मला भर पावसाळी उकाड्यात घोंगडीत गुंडाळलं.

मी म्हटलं, "माय, गांधी तर नाहीत कुठंच."

"नाहीत कशा? पोटात दबून हायेत. गेरूनं बाहेर येतीन. बाहेर नाही आल्या तर मंग त्रास देतेत."

आमच्याकडे असंच समजतात. पित्त अंगावर उठलं तर बरं, आत राहिलं तर वाईट. म्हणून तो सगळा पावसाळा आम्ही आतलं बाहेर काढण्यात घालवला. मी घोंगडीत घाम गाळत होतो, माय उशाशी बसून विचारायची, "उठलं का?" मी हात उघडून बघायचो, आणि नाही म्हणायचो. आम्हा दोघांनाही वाईट वाटायचं. माझ्या हातावर एखादी तरी गांध उठावी म्हणून माय देवाला हात जोडत होती. ते आठवलं की मला तिचा राग येत नाही, फक्त तिच्याकडे बघवत नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा डोळे पिवळे झाले होते. वजन उतरलं होतं. उजव्या बरगडीखाली हाताला काहीतरी कडक लागायचं. ते मीच आधी ओळखलं. कॉलेजात बेडूक कापताना यकृत कुठं असतं आणि बोटाला कसं लागतं ते शिकलो होतो. ते मऊ असतं. माझं तसं नव्हतं.

इंग्रजी

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात भरती झालो. तपासण्या झाल्या, पोटातून सुई घालून यकृताचा तुकडा काढला. मग एका सकाळी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन राउंडला आले. त्यांनी माझ्या बरगडीखाली बोटं दाबली, विद्यार्थ्यांनाही एकेक करून दाबायला सांगितलं, आणि इंग्रजीत बोलायला लागले.

कॉलेजात पहिलं वर्षभर मला इंग्रजी कळत नव्हतं. प्राध्यापक बोलायचे, मी फळ्यावरचं उतरवून घ्यायचो आणि खोलीवर येऊन शब्दकोश उघडायचो. गावात मात्र सगळे म्हणायचे की वासूला इंग्रजी येतं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला सगळं एका दमात कळलं. ते सावकाश, स्वच्छ बोलत होते. कॅन्सर, यकृतातच उगवलेला, दोन्ही भागांत पसरलेला, ऑपरेशनच्या पलीकडे. काही महिने, असंही म्हणाले. एका विद्यार्थिनीनं वय विचारलं, आणि ते ऐकल्यावर तिनं वहीतून डोकं वर काढलं नाही.

बाबा खाटेच्या पायथ्याशी हात जोडून उभे होते. डॉक्टर निघून गेल्यावर ते माझ्याकडे आले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"पाहिलं गा वासू? येवढा येळ बोलला साहेब तुह्यावर. बाकीच्याइच्या खाटेपाशी थांबला बी नाही. ध्यान देऊन राहिला चांगलं."

मी म्हटलं, "हो बाबा."

दुपारी त्यांना आत बोलावून सांगितलं. बाहेर आले तेव्हा ते भिंतीला हात लावत लावत चालत होते. माझ्या खाटेवर बसले आणि घोंगडी नीट करू लागले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कावीळच हाये. बिघडली थोडी. येळ लागन."

"बरं."

तेव्हापासून आमचं असंच चाललं आहे. मला माहीत आहे हे बाबांना माहीत असावं. त्यांना खरं काय ते माहीत आहे हे तर मला माहीतच आहे. पण आम्ही दोघंही काविळीबद्दलच बोलतो. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांना मी एवढंच सांगू शकतो, की न बोलण्यानं काही हलकं होत नाही. आणि बोलावं कसं, तेही मला माहीत नाही.

पैकुजी

शेजारच्या खाटेवर पैकुजी आहेत. इतवारीत धान्याच्या गोदामात हमाली करायचे. त्यांच्या पोटात पाणी होतं, दारूमुळे, असं ते स्वतःच सांगतात. पोट एवढं मोठं की त्यावर ते पाण्याचा गिलास ठेवतात.

"कालेजवाले," ते मला हाक मारतात, "पेपरात पाह्य ना, माह्यं पोट कवा पिकते म्हनून काही लिवलं काय?"

"नाही लिहिलं, पैकुजी."

"तुह्यं काय लिवलं?"

"माझंही नाही."

"मंग कायले पेपर वाचतं बे? रद्दीत देऊन चहा तरी पाज!"

सिस्टर ओरडल्या की ते त्यांना म्हणतात, "बाई, शंभर किलोचं पोतं उचलत होतो मी या हातानं. आता नुसतं पोट उचलत नाही. हसू तर द्या." मग सिस्टरही हसतात. मला हसताना बरगडीखाली दुखतं, पण मी हसतो. वॉर्डातले चांगले क्षण बहुतेक त्यांच्यामुळेच. त्यांच्याकडे कोणी येत नाही. मायनं आणलेल्या डब्यातली अर्धी भाकर रोज त्यांना जाते.

दुसरं एक चांगलं म्हणजे माझी खाट खिडकीजवळ आहे. बाहेर कडुनिंबाचं झाड आहे. थंड पाण्याचा रुमाल तळव्यांवर ठेवला की खाज थोडा वेळ थांबते, तेवढ्यात झोप लागते. ज्यांना अशी खाज आहे त्यांनी हे करून बघावं. गरम पाणी मात्र लावू नये.

राखणदार

आमच्या वॉर्डाचे लहान डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. दुपारी वॉर्ड शांत असला की ते स्टूल ओढून बसतात. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, मला सगळं माहीत आहे. मी राउंडला ऐकलं. एकच विचारायचं आहे. हे दम्यामुळे झालं का? पित्तामुळे?"

त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाले, "दम्याचा कॅन्सर होत नाही. पित्ताचाही नाही. उलट काही जण म्हणतात, ज्यांना ॲलर्जी असते त्यांचं शरीर जरा जास्तच जागं असतं, म्हणून त्यांना कॅन्सर कमी होत असावा. पण खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. मी तर नाहीच."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. माझं शरीर जागं होतं हे खरं. मिरचीचा कण आला की शिंकायचं, फुगायचं, अंगभर उठायचं. आमच्या सातऱ्यावरच्या कुत्र्यासारखं. ते कुत्रं पोस्टमनवर भुंकायचं, पाव्हण्यांवर भुंकायचं, वाऱ्यानं हललेल्या ताडपत्रीवर भुंकायचं. पण ज्या वर्षी सातऱ्यावरून पोती चोरीला गेली त्या वर्षी ते शेपूट हलवत चोराबरोबर नाल्यापर्यंत गेलं होतं, असं लोक सांगतात.

मग डॉक्टरांनी मला प्रश्न विचारले. लहानपणी कावीळ झाली होती का? रक्त चढवलं होतं का? इंजेक्शनं घेतली होती का, कुठे, किती, कोणाकडून? मी त्यांना ओटा सांगितला, स्टोव्ह सांगितला, रांग सांगितली. दरवर्षी मिरचीच्या हंगामात, बाजाराच्या प्रत्येक दिवशी, असंही सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या रक्तात एका प्रकारच्या काविळीचा जंतू आहे. तो रक्तातून जातो. सुईतूनही जातो. काही जणांच्या अंगात तो वर्षानुवर्षं राहतो, काही त्रास देत नाही, आणि मग कधीतरी यकृत बिघडवतो. तुझं तसं झालं असावं असं मला वाटतं. ठामपणे सांगता येणार नाही."

म्हणजे संबंध होता, पण मी शोधत होतो तो नव्हता. दम्यानं मला काही केलं नाही. दम्यासाठी मी रांगेत उभा राहिलो, एवढंच.

मग मला लगेच दुसरी गोष्ट सुचली. मी म्हटलं, "सर, त्या रांगेत माझी बहीण होती. माझ्या मागे."

"मग तिचं रक्त तपासायला हवं," ते म्हणाले. "असलं तरी घाबरायचं नाही. बहुतेकांना तो जंतू आयुष्यभर काही करत नाही. पण माहीत असलेलं बरं. लक्ष ठेवता येतं. मूल होणार असेल तर त्यासाठीही."

सुमनला दिवस गेले आहेत, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

घर

बाबांनी नाही म्हटलं. मी त्यांना पूर्ण सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की डॉक्टर म्हणतात घरच्यांचं रक्त बघावं. त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला, मायचाही चालेल म्हणाले. सुमनचं नाव काढल्यावर मात्र उठून उभे राहिले.

"पोरगी सासरी हाये, वासू. रक्त कायचं तपासू राहिले म्हनून तिच्या सासूनं इचारलं तर काय सांगू? भाऊ कायनं पडला म्हनून इचारलं तर? नवीन घर हाये तिचं. पोटुशी हाये. लोक म्हनतीन, रोगाची पोरगी देल्ली."

"बाबा, तिला असेल तर?"

"असन तर असन! अन् नसन तर? नाव तर खराब होऊनच जाईन."

माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "तुमी बापलेक हळू बोला. पोरगी डबा घेऊन येऊन राहिली." आणि खरंच दारातून सुमन आत येत होती. आम्ही तिघंही एकदम गप्प झालो. ती आमच्याकडे बघून हसली. "काहून वं माय, माहीच चुगली करून राहिले होते ना सगळे?"

तिला अजून काविळीचंच माहीत आहे. बिघडलेली कावीळ, उतरायला वेळ लागतो, असं. पोटात बाळ आहे म्हणून तिला धक्का नको, हे सगळ्यांनी ठरवलं. मलाही ते त्या वेळी पटलं. आता पटतं की नाही, सांगता येत नाही. माझ्यापासून लपवलं तेव्हा मला राग आला होता. तिच्यापासून लपवण्यात मी स्वतः सामील आहे.

दिवस तसेच जात होते. मला सलाइनमधून एक औषध द्यायला सुरुवात झाली आहे, लालभडक. बाटली खाटेजवळ टांगली की पैकुजी म्हणतात, "आली भिवापुरी मिरची!" ते सोडलं की दोन दिवस उलट्या होतात. त्यानं गाठ कमी होईल असं कोणी म्हणत नाही, बघू, असं म्हणतात. केस गेले. एकदा सिस्टर सुई घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, "सिस्टर, उकळली ना?" त्या चिडल्या. "तू मला शिकवतोस? आत्ता काढली पाण्यातून, हात लावून बघ, गरम आहे." मी हात लावून बघितला. गरम होती. त्यांना वाटलं मी त्यांची परीक्षा बघतो. मला त्यांना सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्या डबा घेऊनच खाटेपाशी आल्या आणि माझ्यासमोर झाकण उघडलं. त्यानंतर रोज तसंच करतात, काही न बोलता.

भीतीबद्दल लोक लिहितात, म्हणून मीही लिहायला हवं. मला मरायची भीती वाटते. संध्याकाळी वॉर्डात दिवे लागायच्या आधी जास्त वाटते. पण तिच्यापेक्षा मोठी भीती दुसरी आहे, आणि ती स्वतःसाठी नाही, म्हणून ती कुठे ठेवावी ते कळत नाही. देवाचं नाव घेऊन बघितलं. धीर येतो असं लिहिलं तर खोटं होईल.

शेवटी मी भास्कररावांना सांगितलं. ते दुकान बंद असलेल्या दिवशी एकटेच आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, रोगाचं नाव घेऊन. ते फार बोलणारे नाहीत. खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, "मामंजींना माहीत आहे, तुम्ही मला सांगितलं ते?"

"नाही."

"नका सांगू. मी तिला नेतो. बाळंतपणाच्या तपासणीला नेतोच आहे, त्यातच होऊन जाईल. माझ्या आईला काही सांगायची गरज नाही." मग जाताना परत वळून आले आणि माझा हात धरला. "असलं तरी ती माझीच बायको आहे, वासुदेवराव. तुम्ही त्याची काळजी करू नका."

आजारपणात मला मिळालेलं सर्वांत मोठं देणं हेच असं मी समजतो. ते गेल्यावर मी पुष्कळ वेळ रडलो. पैकुजींनी तोंड दुसरीकडे केलं आणि गिलास पोटावरून काढून खाली ठेवला.

निरोप

सुमननं रक्त दिलं. नमुना बाहेर पाठवावा लागतो, वेळ लागेल, असं सांगितलं. मी लहान डॉक्टरांना रोज विचारत होतो. ते म्हणायचे, आलं की तुला सांगीन. पण ते सुट्टीवर गेले, आणि भास्करराव दुकानाच्या कामानं गोंदियाला गेले. मधे काही दिवस मला काही कळलं नाही. मी मनाशी ठरवत होतो की कळायला उशीर म्हणजे काही नसणार. कधी वाटायचं, सांगायचं टाळताहेत म्हणजे असणार. या दिवसांत लिहायचं सोडलं होतं. हात सुजले आहेत, पेन नीट धरता येत नाही, म्हणून अक्षरही वाईट आलं आहे.

आज दुपारी सुमन आली. एकटीच, रिक्षानं. पोट आता दिसायला लागलं आहे. ती हळूहळू चालत आली, डबा खिडकीत ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. पैकुजींना म्हणाली, "काका, तुमच्या पोटाच्या मागं माहंबी चाललं आता." पैकुजी म्हणाले, "माह्यं जुनं आहे बाप्पा, तुह्याच्यानं नाही होनार बरोबरी!" ती खूप हसली. हसताना तिला थोडा दम लागला, छातीत बारीक शिट्टी वाजली. मग माझ्याजवळ बसून तिनं माझ्या पायाच्या तळव्यावर ओला रुमाल ठेवला.

"दादा, एक सांगू काय? बाबाले नको सांगजो. यायनी माह्यं रक्त पाठवलं होतं कुठं तं. काल दवाखान्यात बलावून सांगतलं."

"काय सांगितलं?"

"काही नाही, मोठं काही नाही. डॉक्टरीनबाई म्हने, घाबरू नको, बाळ झाल्यावर त्यालेबी पाहू, अन् मधे मधे येत जाय. कोनाले रक्त देऊ नको म्हने. मी म्हनलं, माह्यातच कुठं आहे येवढं द्यासाठी?"

तिनं रुमाल उलटा केला, थंड बाजू माझ्या पायाला लावली.

"तुह्याच काविळीचं निघालं म्हने माह्या रक्तात, दादा. अगदी तेच. मी बाईले म्हनलं, निघनच ना बाई. सख्खे भाऊ-बहीन आहोत आमी. त्याले जे, तेच मले."